चढावर बघितलेलं ऑइल

ऑइल पिणाऱ्या गाडीचा मालक मला लांबूनच ओळखू येतो. तो चावी काउंटरवर ठेवत नाही, आपटतो. मी ठाण्यात, माजिवड्याच्या अलीकडे, एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्या घ्यायच्या काउंटरवर असते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय, वर्गात मुलगी मी एकटीच होते, आणि शिव्या तेव्हापासून ऐकत आलेय. पण ऑइलवाल्यांच्या शिव्यांची जात वेगळी. ब्रेक लागत नसले तर माणूस घाबरलेला असतो, एसी चालत नसला तर कुरकुरत असतो. ऑइल कमी झालं की तो थेट चोर शोधायला येतो. "तुम्हीच काढलंत," असं म्हणून एकाने ऑइलने माखलेलं फडकं माझ्या अंगावर फेकलं होतं. मी ते उचललं, बाहेर गेले आणि त्याच्या गाडीच्या पांढऱ्या सीट कव्हरवर नीट पसरून ठेवलं. मग मॅनेजरने मला आत बोलावलं. माझा स्वभाव असा आहे, आणि तो बदलावा असं मला कधी वाटलेलं नाही.

त्या लोकांचंही एका परीने बरोबर असतं. ऑइल गळलं तर खाली डाग पडतो, दाखवता येतो. जळलं तर थोडा निळसर धूर, बाकी काही नाही. आणि जे डोळ्यांदेखत नाहीसं होतं त्याचं कारण शोधायला जेवढा धीर लागतो तेवढा फार थोड्यांकडे असतो. मी त्यांना विचारते, धूर कधी येतो? सकाळी गाडी सुरू केल्या केल्या, की चढाला रेस दिल्यावर? शेवटचं ऑइल कोणी बघितलं, कुठे बघितलं? निम्म्या गाड्यांचा निकाल तिथेच लागतो. घरात मात्र हे प्रश्न विचारायचा मान मला नव्हता.

घरची गाडी म्हणजे माझ्या नवऱ्याची आणि माझ्या दादाची, दोघांनी मिळून घेतलेली. पांढरी, सीएनजीवरची, टुरिस्ट परमिटची. दोघं माझ्या लग्नाच्या आधीपासूनचे मित्र, एकाच स्टँडवर उभे राहायचे. मैत्रीतूनच स्थळ आलं, मित्रांचे मेहुणे झाले. दिवसा नवरा चालवायचा, रात्री दादा. आम्ही डोंबिवलीत, दादा आणि आई विठ्ठलवाडीला. सकाळी दादा गाडी आमच्या बिल्डिंगखाली आणून द्यायचा, संध्याकाळी नवरा ती विठ्ठलवाडीला पोचवायचा.

शिफ्टवर गाडी चालवणाऱ्यांत एक रीत आहे. गाडी घेणाऱ्याने देणाऱ्याच्या समोर बॉनेट उघडायचं, इंजिनात खुपसलेली ऑइलची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत बुडवायची आणि दोघांनी मिळून बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मधे असलं की ठीक, खालच्या खुणेच्या खाली गेलं की घेणाऱ्याने ओतायचं आणि देणाऱ्याने ऐकून घ्यायचं. एकाच्या पाठीमागे दुसऱ्याने पट्टी बघायची नाही. बघितली तर उद्या तू म्हणशील कमी होतं, मी म्हणेन भरलेलं होतं. समोरासमोर बघितलं की भांडण नाही, असं दोघं मला मोठ्या अभिमानाने सांगायचे.

देणाऱ्याला घरी जायची घाई असते. त्यामुळे गाडी थांबली रे थांबली की पट्टी बाहेर. आमच्या बिल्डिंगच्या गेटला चढ आहे, तिथेच गाडी तोंड वर करून उभी राहायची. विठ्ठलवाडीला दादाच्या गल्लीच्या तोंडाशीही तसाच चढ. एका सकाळी नवरा म्हणाला, कमी आहे, आणि त्याने ओतलं. संध्याकाळी दादा म्हणाला, कमी आहे, आणि त्याने ओतलं. काही दिवसांनी गाडी धूर टाकायला लागली आणि मग रोजचंच झालं.

"बारा तास काय रेस लावतोस काय रे? इंजिन रगडून आणलंस."

"मी भरून घेतलेली. तू आणलीस तेव्हाच सुकी होती."

दादाचा कल्याणचा मिस्त्री म्हणाला, व्हॉल्वचे सील गेले, म्हणजे गाडी फार वेळ नुसती चालू ठेवून उभी केली, म्हणजे दोष दिवसाचा. नवऱ्याचा डोंबिवलीचा मिस्त्री म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे गाडी फाडून चालवली, म्हणजे दोष रात्रीचा. ज्याचा मिस्त्री त्याच्या बाजूने. मी म्हटलं, एकदा माझ्यासमोर उघडा, मी बघते. नवरा जेवता जेवता म्हणाला, "तू पावत्या फाड काउंटरवर. इंजिन काय असतं ते आम्हाला कळतं." मी हातातला डाव भिंतीवर मारला. आमटीचे शिंतोडे त्या भिंतीवर कायमचे बसले.

त्या सकाळी मी डबा घेऊन खाली उतरले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि नवरा पट्टी दादाच्या नाकासमोर नाचवत होता. दादाचे डोळे रात्रभर गाडी चालवून लाल झालेले.

"बघ ना डोळे फाडून! काल तुझ्यासमोर भरलेलं. काढून विकतोस काय रे?"

"काय बोललास?"

"चोर बोललो. चोर आहेस तू. चोर तो चोर वर शिरजोर."

 दादाने डिकी उघडली आणि चाकाचे नट सोडवायचा लांब लोखंडी पाना काढला.

पुढचं मी नीट सांगते, कारण ते नंतर कोणीच नीट सांगितलं नाही. मी नवऱ्याच्या उजव्या बाजूला, एक पाऊल मागे उभी होते. "दादा!" एवढंच ओरडले. पुढे सरकले नाही. दादाने पाना उचलला आणि त्याच वेळी माझ्या डाव्या दंडात बोटं रुतली. नवऱ्याने मला खेचून स्वतःच्या पुढे घेतलं. तोंड वाचवायला मी उजवा हात वर केला आणि पाना त्या हातावर बसला. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. दुखणं मागाहून आलं. आधी फक्त मनगट आणि कोपर यांच्या मधे हात वाकलेला दिसला, जिथे हाताला वाकायची जागाच नसते.

मी खाली पडल्यावर तरी ते थांबले असतील असं वाटेल. नाही थांबले. पाना हातातून निसटला म्हणून दादाने स्वतःचं डोकं नवऱ्याच्या कपाळावर आपटलं. नवऱ्याने त्याचा गळा धरून त्याचं तोंड बॉनेटच्या कडेवर आदळलं. दादाचा पुढचा एक दात माझ्या समोर जमिनीवर पडला. माझ्या डब्यातल्या चपात्या दोघांच्या पायाखाली तुडवल्या गेल्या, आणि त्यांच्या चपलांच्या मधून मी माझा हात पोटाशी ओढत गेटच्या खांबाकडे सरकत होते. शेवटी वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरचे काका आले, त्यांनी दोघांना कॉलर धरून वेगळं केलं. तेव्हाही एक दुसऱ्याला म्हणत होता, जिवंत सोडणार नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? नवऱ्याच्या कपाळाला टाके घालत होते, तो तिथूनच म्हणाला, "जिन्यावरून पडली." नातेवाइकांसाठी गोष्ट दुसरी होती. "मधे पडली" ही त्यांच्यासाठी. दोन्ही हाडं मोडली होती, आत धातूची पट्टी बसवून वर प्लास्टर घातलं. दादा भेटायला आला तो माझ्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. "कशाला गं मधे पडलीस? माझा हात झडो." नवरा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्याकडे पाठ करून, मोसंबी सोलत बसला होता. त्याने ऐकलं. एक एक फोड वेगळी केली आणि मला भरवली. बोलला काहीच नाही, आणि मला त्या क्षणी ती मोसंबी त्याच्या तोंडावर थुंकावीशी वाटली.

आई माझं करायला डोंबिवलीला येऊन राहिली. तिचं दुःख वेगळंच होतं. "जावयाच्या अंगावर हात टाकतात का? आपल्यात असं कधी झालं नाही," हे तिने इतक्या वेळा म्हटलं की मी प्लास्टरचा हात तिच्यापुढे धरला आणि विचारलं, मुलीच्या अंगावर टाकलेला चालतो का? ती म्हणाली, तुला मुद्दाम नाही मारलं गं. मग तिने मला अंघोळ घातली. डाव्या दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, निळे, स्पष्ट, मागून धरल्यावर उमटतात तसे. आईचा हात तिथे थांबला. मोठी झाल्यावर तिने मला कधी अंघोळ घातलेली नव्हती, पण तिला सगळं वाचता आलं. तिने हळद उगाळून आणली आणि त्या बोटांवर लावली.

"दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. "तो जावयांना जिवंत ठेवणार नाही. मग हे गेले आणि तो आत गेला. तुला कोण उरलं मग?"

मी सांगितलं नाही. नवऱ्याने तो पाना उचलून घरी आणला होता, दादा पुन्हा आला तर असावा म्हणून, आणि आमच्या पलंगाखाली ठेवला होता. ज्या पान्याने माझा हात मोडला त्याच्यावर मी झोपत होते आणि ज्याने मला त्याच्यापुढे धरलं तो शेजारी घोरत होता. मी छताकडे बघून मनात त्याच्याशी भांडायचे. माझा राग तोंडावाटे बाहेर पडतो म्हणून मी शहाणी राहते. तो आत ठेवायची सवय मला नव्हती आणि तो मला आतून खात होता.

गाडी गेटवरच्या चढावर तशीच उभी होती. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आईमार्फत निरोप पाठवत होते. ठरलं एवढंच की ज्याने इंजिन मारलं त्याने गाडीवरचा हक्क सोडायचा. पण इंजिन कोणी मारलं हे सांगणार कोण? दोघांचे मिस्त्री दोघांना मान्य नव्हते. शेवटी आईच म्हणाली, "तिला बघू द्या. ती दोघांची आहे." मला हसू आलं आणि हातातून कळ गेली.

माझ्याबरोबर शिकलेल्या एकाचं शीळफाट्याजवळ गॅरेज आहे. रविवारी बंद असतं, त्याने किल्ली दिली. गाडी आदल्या दिवशीच टो करून आणून आतल्या सपाट फरशीवर उभी केली. मी मनाशी ठरवलं होतं, निकाल लागेपर्यंत नवऱ्याला वेळ द्यायचा. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं, मी हिला ओढलं, तर पुढचं बघता येईल. नाही सांगितलं तर मी सांगणार, आणि दादाबरोबर विठ्ठलवाडीला निघून जाणार, जे व्हायचं ते होऊ दे.

माझा उजवा हात गळ्यात बांधलेला. म्हणजे काम त्या दोघांनाच करायला लागणार. मी एकाला गाडीच्या डाव्या बाजूला उभं केलं, दुसऱ्याला उजव्या. हत्यारांचा ट्रे माझ्या पायाशी ठेवला. "पाना मी देईन त्यालाच मिळेल, आणि एका वेळी एकालाच," मी म्हटलं. दोघं बोकडासारखे मान खाली घालून उभे होते. नवऱ्याच्या कपाळावरची खूण आणि दादाच्या तोंडातली खिंड, दोन्ही माझ्यासमोर.

पहिल्यांदा मी डाव्या हाताने पट्टी काढली, पुसली, बुडवली, परत काढली. बघितली आणि बोलले काही नाही. एका पट्टीवर निकाल देणारे दोघे घरात होतेच, मला तिसरी व्हायचं नव्हतं.

"धूर कधी येतो?"

"ह्याने गाडी आणली की," नवरा म्हणाला.

"ह्याच्याकडून घेतली की," दादा म्हणाला.

"शिफ्ट नाही विचारली. सकाळी सुरू केल्यावर येतो आणि थांबतो, की चढाला दाबलं की येतो?"

दोघांनी थोडा वेळ आठवलं. मग दोघांनी एकच सांगितलं, आणि एकच सांगतोय हे लक्षात आल्यावर दोघांनाही ते आवडलं नाही. धूर सगळ्या वेळी येत होता. सुरू करताना, चढाला, सिग्नलला उभं असताना. सील गेले असते तर तो मुख्यतः सुरू करताना आला असता, रिंगा गेल्या असत्या तर दाबल्यावर.

मी दादाला प्लग काढायला लावले. काळे, ओले. "बघ, बोललो नव्हतो, रिंगा!" नवरा पुढे झाला. "हात लाव, हात लाव तू मला!" दादाने प्लगचा पाना उलटा धरला. मी जॅकचा दांडा डाव्या हाताने उचलला आणि फरशीवर असा हाणला की फरशीचा टवका उडाला. "आता ह्यापुढचा आवाज तुमच्या दोघांपैकी एकाच्या डोक्यातून येईल," मी म्हटलं. मी ते खरंच केलं असतं. त्यांना ते दिसलं, कारण दोघं परत आपापल्या जागी गेले.

मग प्रत्येक प्लगच्या भोकात गेज लावून इंजिन फिरवलं. रिंगा झिजल्या असल्या तर हवा निसटते, दाब कमी भरतो. चारही सिलिंडरचा दाब चांगला भरला, एकमेकांच्या बरोबरीचा. मी नवऱ्याला गेज वाचायला लावलं, मोठ्याने. रिंगा चांगल्या आहेत हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. दादा हसला. मी म्हटलं, हसू नकोस, आता तुझी पाळी. इंजिनातली वाफ एअर फिल्टरकडे नेणारी रबरी नळी त्याला काढायला लावली. आतून ऑइल ओघळत होतं. फिल्टर तर ऑइलमध्ये भिजून मऊ पडला होता.

"हे सीलमधून नाही आलेलं," मी म्हटलं. "हे वरून वाहून आलंय. आता खालचा नट काढा."

नवरा गाडीखाली शिरला. ऑइल काळं, जाड धारेने खाली ठेवलेल्या रिकाम्या ट्रेमध्ये पडायला लागलं. ट्रे भरला आणि धार थांबली नाही. दादाने धावत जाऊन दुसरा डबा आणला, तोही भरत आला. ज्या इंजिनासाठी दोन माणसं एकमेकांचा जीव घ्यायला निघाली होती, सुकं आहे म्हणून, त्यातून हवं त्याच्या दीडपट ऑइल निघालं. नवरा गाडीखालून बाहेर येऊन त्या दोन भांड्यांकडे बघत राहिला.

पण एवढ्याने त्यांना पटलं नसतं, उद्या पुन्हा त्यांनी कोणी जास्त ओतलं यावर डोकी फोडली असती. म्हणून मी नवीन ऑइल बरोबर मापाने भरायला लावलं. नळी साफ केली, फिल्टर बदलला, प्लग पुसून बसवले. गाडी सुरू करून गरम होऊ दिली आणि गॅरेजच्या रॅम्पवर तोंड वर करून चढवली. बंद केल्या केल्या दादाला म्हटलं, काढ पट्टी. पट्टीचं टोक जेमतेम ओलं होतं.

"आयला, परत कमी?" दादा म्हणाला आणि सवयीने त्याचा हात ऑइलच्या कॅनकडे गेला. नवऱ्याचाही गेला. दोघांचे हात एकाच कॅनवर पडले.

"थांबा," मी म्हटलं. गाडी खाली सपाटीवर घेतली, इंजिन बंद केलं, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. चहा अर्धा होईपर्यंत कोणाला उठू दिलं नाही. मग पट्टी काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला टेकलं होतं.

मी त्यांना समजावलं, जसं गिऱ्हाइकांना समजावते. चालू इंजिनात ऑइल वरपर्यंत गेलेलं असतं, ते खाली उतरायला वेळ लागतो. गाडी चढावर असली की ते मागे सरकतं आणि पट्टी पुढे आहे. तुम्ही रोज दोनदा कमी बघितलं आणि दोनदा ओतलं. ऑइल इतकं चढलं की आतला फिरणारा दांडा ते घुसळायला लागला, त्याचा फेस त्या नळीतून वर गेला आणि जळाला. म्हणून धूर. एकमेकांवर एवढा विश्वास असता की एकाने मागाहून एकट्याने, सपाटीवर, थंड गाडीची पट्टी बघितली असती, तरी हे झालं नसतं. ऑइल कोणी चोरलं नाही. इंजिन कोणी फाडलं नाही. तुम्ही दोघांनी प्रेमाने पाजून पाजून मारत आणलं.

पहिल्यांदा दादा हसला. दात नसलेल्या जागेतून शिट्टीसारखा आवाज निघाला, तेव्हा नवराही हसला. "अति तिथे माती म्हणतात ते हेच रे," दादा म्हणाला. "फुकट मारामारी केली आपण यार." नवऱ्याने कपाळावरून हात फिरवला. "तुला चोर बोललो. चुकलो. पाय धरतो." "गप रे." दादाने त्याला मिठी मारली. दोघांच्या हातांचं ऑइल एकमेकांच्या शर्टांना लागलं आणि ते तसेच टायरवर शेजारी शेजारी बसून उरलेला चहा प्यायला लागले. मी समोर उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, थोडाफार झालाही असेल.

"ही मधे पडली म्हणून," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला. "नाही तर तुला त्या दिवशी खलासच केला असता मी."

मी नवऱ्याकडे बघितलं. एवढा वेळ मी ह्याचीच वाट बघत होते. त्याला आता कोणी मारणार नव्हतं, कोणी चोर म्हणणार नव्हतं. सांगून टाकायला ह्याहून सोपी वेळ आली नसती.

"हो ना," तो म्हणाला. "हिने वाचवलं मला."

"मी नाही पडले मधे," मी म्हटलं. "ह्याने मला दंडाला धरून ओढलं आणि स्वतःच्या पुढे घेतलं. दंडावर ह्याची बोटं होती. आईने बघितलीयेत."

नवऱ्याने कप खाली ठेवला. त्याने नाही म्हटलं नाही. खाली बघत, दादाला म्हणावं तसं म्हणाला, "मला वाटलं, तिला बघून तू थांबशील."

दादा उठला. हत्यारांचा ट्रे जवळच होता, त्याने वाकून त्यातला सगळ्यात मोठा पाना उचलला. मी ओरडले नाही. खरं सांगते, मला तो हवा होता. माझ्या बाजूने कोणी तरी एकदा तरी पाना उचलावा असं मला इतकं वाटत होतं की मी श्वास रोखून धरला. दादा नवऱ्यासमोर उभा राहिला, पाना खांद्याच्या वर गेला, आणि तिथे थांबला. मग त्याने तो सावकाश खाली आणला आणि ट्रेमध्ये ठेवला.

"मला दिसलेलीस तू," तो मला म्हणाला. "ह्याने तुला पुढे घेतली ते दिसलेलं मला. पाना वरच होता तेव्हा. आता थांबला ना, तसा थांबवता आला असता."

"मग?"

"टाळकं सटकलेलं. वाटलं, तुझ्यातून पण ह्याला लागू दे."

हॉस्पिटलमध्ये माझ्या पायांवर डोकं ठेवून रडताना त्याला हे माहीत होतं. कशाला मधे पडलीस, हे त्याने मला विचारलं होतं, माहीत असून. नवरा निदान गप्प बसला होता.

मी पर्स डाव्या खांद्याला अडकवली. दोघंही एकदम उठले. "चल, घरी सोडतो," नवरा म्हणाला. "माझ्याबरोबर चल, आईकडे," दादा म्हणाला. गाडी आता एकदम छान चालत होती, धूर नव्हता, दोघांच्या मधे उभी होती आणि दोघांनी आपापल्या बाजूचं दार माझ्यासाठी उघडलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर मी तो जॅकचा दांडा पुन्हा उचलला असता आणि ह्या खेपेला फरशीवर नसता मारला.

बाहेर रस्त्यावर आले. फाट्यावर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने माझं प्लास्टर बघून आत सरकायला मदत केली आणि विचारलं, "कुठे ताई? डोंबिवली की कल्याण?"

"ठाणे."

"लांब आहे ताई. तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "चला."